गाणे समाजाचे, मग नाव कोणाचे?



“समाजाच्या गाण्याला मोबदला कसला मागतोस?” हा प्रश्न आज आपल्या घरांत, विहारांत आणि जयंतीच्या मंडपांत उजळ माथ्याने विचारला जात आहे. विचारणारी माणसे वाईट नाहीत. त्यांतील कित्येकांनी पदरमोड करून विहार उभे केले, दुसऱ्यांच्या मुलांच्या फिया भरल्या, मोर्चात लाठ्या खाल्ल्या. म्हणूनच या प्रश्नाचा समाचार घेणे मला अवश्य वाटते. दुष्टाने विचारलेला दुष्ट प्रश्न आपण तत्काळ ओळखतो. भल्या माणसाने विचारलेला वाईट प्रश्न मात्र आपल्यात मुक्काम करतो आणि कालांतराने त्याची रूढी होते. जुन्या रूढी टाकून आलेल्या घरांत नवी रूढी शिरू पाहत असेल, तर तिला दारातच अडविले पाहिजे.

निमित्त लहानसे आहे. गेल्या पावसाळ्यात, रोवणीचे दिवस संपत आले असताना, गोंदियातील माझ्या कचेरीत दोन तरुण आले. थोरला बावीस वर्षांचा. बाप राईस मिलमध्ये पोती वाहतो. धाकटा आमगाव तालुक्यातला, अठराव्या वर्षात नुकताच पाऊल टाकलेला. आई रोवणीला जाते आणि उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडते. थोरला शब्द रचतो आणि तालावर म्हणतो. धाकटा जुन्या बाजारातून घेतलेल्या लॅपटॉपवर वाद्यमेळ बांधतो. त्याला ही मुले ‘बीट’ म्हणतात. दोघांनी मिळून सात गाण्यांचा एक अल्बम तयार केला होता. खोलीच्या भिंतींवर गोधड्या टांगून, पंखा बंद करून, शेजारचे कुत्रे निजल्यावर रात्री ध्वनिमुद्रण केले, असे त्यांनी मला सांगितले. एक गाणे रोवणीच्या मजुरीवर, एक गोंदियाच्या फलाटावर रात्र काढून परीक्षेला जाणाऱ्या मुलांवर, एक बाबासाहेबांवर. भाषा आपली झाडीची, मध्ये हिंदी, कारण गोंदियात कोणी एका भाषेत भांडत नाही. मी दोन गाणी ऐकली. सर्वच शब्द पहिल्या खेपेस कळले असे म्हणणार नाही. परंतु रोवणीच्या गाण्यात चिखलात बुडालेल्या पायांचा जो ठेका त्या पोराने पकडला होता तो ऐकून, लहानपणी बांधावर बसून पाहिलेली बायकांची वाकलेली रांग माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली.

त्यांच्या हाती एका मोठ्या शहरातील ध्वनिमुद्रण कंपनीने पाठविलेले चार पानी इंग्रजी करारपत्र होते. “वकीलसाहेब, उद्या संध्याकाळपर्यंत ‘मान्य’ दाबा म्हनतेत,” थोरला म्हणाला. मी वाचले. सातही गाण्यांचे सर्व हक्क, सर्व काळासाठी, संपूर्ण विश्वात, कंपनीचे. पृथ्वी त्यांना अपुरी वाटली असावी. मोबदला एकरकमी पंचवीस हजार. मुखपृष्ठावर कलावंत म्हणून नाव फक्त थोरल्याचे. धाकट्याचा उल्लेख तिसऱ्या पानावर, ‘कंपनीच्या वतीने काम करणारा तांत्रिक साहाय्यक’ असा. आणि धाकटा वयाने लहान, म्हणून आईची सही.

माझ्याकडे येण्यापूर्वी ही मुले आपल्यातीलच एका वडीलधाऱ्या गृहस्थांकडे गेली होती. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, हा रॅपचा गोंगाट आपला नव्हे, परदेशी फॅशन आहे. दुसरी, बाबासाहेबांच्या नावावर गाणे केले आहे ना, मग पैशांचा आणि नावाचा विचारच कशाला? गाणे लोकांपर्यंत जाते आहे, सही करून टाका.

पहिल्या गोष्टीचा निकाल लवकर लागण्याजोगा आहे. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात जमैकाहून आलेल्या एका कुटुंबातील मुलाने, ज्याला जग डीजे कूल हर्क या नावाने ओळखते, आपल्या बहिणीने भरविलेल्या समारंभात तबकड्या वाजविल्या. एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर चढवून त्यातील केवळ तालाचा तुकडा लांबवीत न्यायचा, आणि त्या तालावर माणसाने बोलायचे, ही त्याची युक्ती. ज्यांना वाद्ये विकत घेणे परवडत नव्हते, ज्यांच्या वस्त्या जळत होत्या, अशा काळ्या आणि स्थलांतरित लोकांनी हातात होते तेवढ्यावर हा प्रकार उभा केला. हे परके असेल तर खंजिरी, पेटी आणि रेल्वेचे तिकीट एवढ्या भांडवलावर गावोगाव फिरलेले जलसेही परके मानावे लागतील. भीमराव कर्डकांच्या जलशांनी सभेला न येणाऱ्या माणसाला सभेत आणून बसविले. ते शास्त्रोक्त संगीताची परवानगी काढून नव्हे. आपल्या झाडीपट्टीत रात्र-रात्र रंगणारी दंडार आणि खडी गंमत, विदर्भातील आपल्या कव्वालांचे सवाल-जवाब, यांत दोन माणसे समोरासमोर उभी राहून शब्दाला शब्द भिडवितात. त्या परंपरेतील घरातला मुलगा रॅपकडे वळला तर त्यात मला नवल वाटत नाही.

मात्र या आक्षेपाच्या पोटात एक खरी वेदना आहे, तिचा अनादर मी करणार नाही. “आम्ही डफडे खाली ठेवले, मुले ते पुन्हा उचलतात” असे एका म्हाताऱ्या बाईने मला सांगितले. तिचे म्हणणे समजून घ्या. देशभर आपल्यासारख्यांच्या हाती वाद्य दिले गेले ते कलावंत म्हणून नव्हे. दुसऱ्याच्या लग्नात, दुसऱ्याच्या मयतीत, हाक येताच वाजविण्याची सक्ती म्हणून. तामिळ देशात तर पराई या ढोलावरून जातीचे नाव पडले आणि त्या नावावरून इंग्रजीत बहिष्कृताला शब्द मिळाला. धर्मांतरानंतर अनेक घरांनी वाद्य टाकले ते या अपमानापायी. पण अपमान चामड्यात होता की सक्तीत? ज्या माणसाला ‘नाही’ म्हणता येत नव्हते, मजुरी ठरविता येत नव्हती, जो वाजवी आणि तरी ज्याचे नाव कोणी घेत नसे, त्याच्या हातातले ते वाद्य बेडी होते. स्वतःच्या इच्छेने, ठरल्या मोबदल्यावर आणि आपल्या नावाने वाजविणारा माणूस तोच ढोल वाजवीत असला तरी दुसरे काम करीत असतो. २०१७ साली चेन्नईत पा. रंजित आणि तेन्मा यांनी ‘कास्टलेस कलेक्टिव्ह’ हा वाद्यवृंद उभा केला, तेव्हा त्यात पराई मानाने आणली ती याच अर्थाने.

आणि येथेच दुसरा प्रश्न येऊन ठेपतो, जो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. इच्छा, मोबदला आणि नाव या तीन गोष्टी काढून घेतल्या तर मागे काय उरते? “समाजाचे काम आहे, पैसे कसले” असे म्हणताना आपण नेमके ह्याच गोष्टी काढून घेत असतो. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाविषयीचे विधेयक मांडले. वतनाचे दुखणे काय होते? कामाला सीमा नाही, वेळ नाही. हाक आली की घरातला जो सापडेल त्याने जायचे. आणि मोबदला गावकऱ्यांच्या मर्जीवर. आपल्या बाजूचे तपशील मुंबई इलाख्याहून निराळे होते, पण हाकेसरशी जाण्याचे सूत्र तेच होते. त्या वतनाला चिकटून राहण्यात मान आहे असे सांगणारे लोक आपल्यातही होते, आणि बाबासाहेबांना त्यांच्याशीही झगडावे लागले. आज मंडपात उभे राहून मुलाला “मान मिळतो आहे ना, मग पैसे कशाला” म्हणणाऱ्या गृहस्थाने आपण कोणाच्या रांगेत उभे आहोत हे एकदा वळून पाहावे.

मी हे तोंडदेखले लिहीत नाही. जयंतीचे हिशेब मी पाहिलेले आहेत. मंडपवाल्याला आगाऊ रक्कम, जनरेटरवाल्याला आगाऊ, ध्वनिक्षेपकांची भिंत उभी करणाऱ्याला तर महिनाभर आधी. ज्याच्या कंठासाठी ती भिंत उभी राहते त्याला हार, नारळ आणि ‘समाजबांधव’ ही पदवी. बरे, तोच गायक बाहेरच्या कार्यक्रमात गेला तर त्याला पैसे मिळतात आणि आपण म्हणतो, बघा, तो विकला गेला! भाडे लोखंडाला द्यायचे आणि त्याग माणसाकडे मागायचा, हा हिशेब मला तरी जुळत नाही.

“वामनदादांनी कधी पैसा मोजला काय?” हा या वादातील हुकमी एक्का. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांनी खेडोपाडी पायपीट करीत हजारो गाणी लिहिली आणि गायिली, हे खरे. त्यांनी मोजले नाही, हेही खरे. परंतु त्यांनी मोजले नाही हा त्यांचा मोठेपणा झाला. आपण मोजून दिले नाही हा आपला मोठेपणा कसा ठरतो? दात्याचे औदार्य घेणाऱ्याने स्वतःच्या खाती जमा करणे याला कोणत्याही हिशेबात लबाडी म्हणतात. शिवाय आपल्या शाहीर-कवींनी पैसा सोडला असेल, नाव सोडले नाही. शेवटच्या कडव्यात नाममुद्रा घालण्याची रीत कशासाठी होती? छापखाना नव्हता, कचेरी नव्हती, नोंदवही नव्हती. तेव्हा कवी आपला दस्तऐवज गाण्यातच शिवून ठेवीत असे.

या नाममुद्रेची एक गोष्ट हिप-हॉपच्या इतिहासातही आहे आणि ती मला फार अर्थपूर्ण वाटते. १९७९ साली ‘रॅपर्स डिलाइट’ नावाचे गाणे निघाले आणि रॅप प्रथमच जगभर ऐकले गेले. त्यातील एका गायकाने आपले कडवे ग्रँडमास्टर कॅझ या ब्राँक्सच्या कवीच्या वहीतून उचलले होते. कॅझचे नाव कोठे आले नाही, वाटा मिळाला नाही. परंतु उचलणाऱ्याने घाईत मूळ कवीचे जुने टोपणनाव, अक्षर-अक्षर फोडून सांगितलेले, तसेच राहू दिले. आजही ते गाणे लागले की चोराच्या तोंडून धन्याचे नाव ऐकू येते. पैसे मात्र ऐकू येत नाहीत. आठ वर्षांनी, १९८७ मध्ये, एरिक बी. आणि राकिम या जोडीने, एक तबकड्यांवर आणि एक शब्दांवर, आपला पहिला अल्बम काढला तेव्हा त्याचे नाव ठेवले ‘पेड इन फुल’, म्हणजे पै-पैचा हिशेब चुकता. त्या लोकांना हा धडा किती लवकर कळला पाहा.

आता आपल्या देशातील उदाहरण घेऊ. कारण अमेरिकेचे दाखले दिले की “तिकडचे तिकडे” असे म्हणण्याची सोय होते. तामिळनाडूतील अरक्कोणम येथील कवी अरिवु हा आंबेडकरी विचाराचा, ‘कास्टलेस कलेक्टिव्ह’मधून पुढे आलेला. २०१९ साली त्याने ऑफरो या संगीतकाराबरोबर ‘तेरुक्कुरळ’ नावाचा अल्बम काढला. तिरुक्कुरळ हा तामिळांचा थोर ग्रंथ. ‘तेरु’ म्हणजे रस्ता. म्हणजे रस्त्यावरचे कुरळ. शब्द एकाचे, वाद्यमेळ दुसऱ्याचा, आणि नावे दोघांची, जोडीने. आमच्या गोंदियाच्या मुलांनी जे मनात धरले होते त्याचा हा नमुना म्हणावा.

त्याच अरिवुचे पुढे काय झाले? मार्च २०२१ मध्ये ‘एन्जॉय एन्जामी’ हे गाणे निघाले. अरिवु आणि धी हे गायक, संतोष नारायणन हे संगीत-निर्माते. अरिवुची आजी वल्लियम्मा श्रीलंकेतील चहाच्या मळ्यांत राबली आणि पुढे भूमिहीन होऊन परतली. तिची कहाणी त्या गाण्याचा कणा आहे. कोट्यवधी लोकांनी ते ऐकले. ऑगस्ट २०२१ मध्ये रोलिंग स्टोन मासिकाच्या भारतीय आवृत्तीने या गाण्याच्या निमित्ताने मुखपृष्ठ काढले, त्यावर धी आणि दुसरा एक गायक होता, अरिवु नव्हता. पा. रंजित यांनी जाहीर आक्षेप घेतला, गवगवा झाला, मग मासिकाने अरिवुचे स्वतंत्र मुखपृष्ठ संकेतस्थळासाठी काढले. पुढे जुलै २०२२ मध्ये चेन्नईत बुद्धिबळ ऑलिम्पियाडच्या उद्घाटनात हे गाणे सादर झाले, तेही अरिवुवाचून. तेव्हा त्याने लिहिले की हे गाणे आपण रचले, लिहिले, गायिले. संतोष नारायणन आणि धी यांनी आपापली बाजू मांडली. संगीतरचना आपली आहे आणि अरिवुचे श्रेय कोणी लपविलेले नाही, असे त्यांचे म्हणणे. आणि मार्च २०२४ मध्ये त्याच संतोष नारायणन यांनी जाहीर केले की या गाण्याचे पैसे आम्हा तिघांपैकी कोणालाही मिळालेले नाहीत.

या वादात कोण किती खरे याचा निवाडा मी गोंदियात बसून करणार नाही. वकिलाने दोन्ही बाजूंचे कागद पाहिल्याविना बोलू नये. परंतु एवढे तर आंधळ्यालाही दिसेल की, आजीच्या घामातून निघालेले गाणे जगभर गेले आणि ते कोणाचे, हा प्रश्न मात्र घरच्या अंगणात पडून राहिला. ‘लोकांपर्यंत गेले ना’ या समाधानाची किंमत ही आहे. अरिवुने २०२४ मध्ये पुन्हा अल्बम काढला, तेव्हा स्वतःला ‘वल्लियम्माचा नातू’ म्हणवून घेतले. नाममुद्रा म्हणतात ती हीच.

आपल्याकडे चित्र अगदीच निराश करणारे नाही. मुंबईच्या ‘स्वदेसी’ या मंडळीने २०१९ मध्ये ‘द वारली रिव्होल्ट’ काढले, त्यात आरेच्या जंगलातील आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा आवाज घेतला आणि त्यांचे नाव गाण्याच्या नावालाच जोडले. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर, ज्याला मुले ‘हंड्रेड आरबीएच’ म्हणतात, आणि तेथलाच विपिन तातड, यांनी वऱ्हाडी माणसाच्या तोंडचे शब्द या प्रकारात आणले. अमरावतीपासून गोंदिया काही समुद्रापलीकडे नाही.

कायद्याचे आता थोडे सांगतो. विधि महाविद्यालयात असताना कॉपीराइट हा विषय आम्ही ‘पुणे-मुंबईच्या प्रकाशकांचा’ म्हणून परीक्षेपुरता वाचला आणि विसरलो. शेतीचे, फौजदारीचे, जातीच्या दाखल्यांचे दावे हेच आपल्या लोकांचे दावे, अशी समजूत. ती समजूत चुकीची होती. ज्याच्याकडे शेत नाही, घर गावठाणात आहे आणि सातबाऱ्यावर नाव नाही, अशा माणसालाही जी मालमत्ता केवळ स्वतःच्या डोक्यातून निर्माण करता येते ती ही. कवीचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो. बाबासाहेबांनी स्वतःच्या हयातीत प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांवरील हक्क २०१६ च्या अखेरपर्यंत टिकला, तो या नियमाने. थोरल्या मुलाने आज लिहिलेल्या कडव्याचा वाटा त्याचा नातू घेऊ शकतो, जर आजोबाने बावीसाव्या वर्षी ‘मान्य’ दाबले नसेल तर.

एका रॅप गाण्यात कायद्याच्या दृष्टीने एकच वस्तू नसते. शब्द ही साहित्यकृती. तिचा पहिला मालक लिहिणारा. वाद्यमेळ ही संगीतकृती. तिचा पहिला मालक रचणारा. १९५७ च्या कायद्यात संगीताच्या व्याख्येतून शब्द मुद्दाम वगळलेले आहेत, म्हणजे दोन्ही स्वतंत्र उभी राहतात. तिसरे ध्वनिमुद्रण, त्याचा मालक तो, ज्याने ते करण्यात पुढाकार घेतला आणि जबाबदारी उचलली. गोधड्या ज्यांनी टांगल्या त्यांनीच ती उचलली होती; कंपनी तेव्हा कोठेच नव्हती. चौथा गाणाऱ्याचा, म्हणजे सादरकर्त्याचा, हक्क. चार पानी करारात हे चारही एका वाक्यात गुंडाळले होते.

‘तांत्रिक साहाय्यक’ हा शब्द तर निरुपद्रवी दिसतो, पण विंचू त्याच्या खाली होता. नोकरीच्या कराराखाली केलेल्या कामाचा पहिला मालक, उलट काही ठरले नसेल तर, नोकरी देणारा असतो. पोराने जे कंपनीचे नाव ऐकण्याच्या आधी रचले ते या कलमाने त्याच्याकडून काढून घेता येत नाही. पण आधी रचले हे दाखवायचे कशाने? म्हणून तारखा जपा. मोबाईलवर एकमेकांना पाठविलेले कच्चे तुकडे पुसू नका. नोंदणी ऐच्छिक आहे. हक्क नोंदणीने जन्मत नाही, पण पुरावा म्हणून ती उपयोगी पडते.

२०१२ ची दुरुस्ती आपल्यासारख्यांसाठी फार मोलाची आहे आणि ती आपल्या लोकांना जवळजवळ ठाऊक नाही. तिने असे ठरविले की ध्वनिमुद्रणात आलेल्या शब्दांचा लेखक आणि संगीताचा रचनाकार यांनी हक्क विकला, तरी त्या कृतीच्या वापरातून येणाऱ्या रॉयल्टीत घेणाऱ्याच्या बरोबरीचा वाटा मिळविण्याचा त्यांचा अधिकार सुटत नाही. तो वारसांना किंवा हक्क गोळा करणाऱ्या मान्य संस्थेलाच देता येतो. अन्य कोणाच्या नावे सोडून दिल्याचे लिहिले असेल तर ते कलम निरर्थक. म्हणजे पंचवीस हजारांत ‘सर्व काही’ विकत घेण्याची कंपनीची भाषा कायद्यापुढे पुरती टिकणारी नव्हतीच. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर केवळ भारत. म्हणूनच ‘सर्व काळ’ आणि ‘सर्व विश्व’ हे शब्द त्यांनी इतक्या काळजीने लिहिले होते. आणि विकल्यानंतरही ‘ही कृती माझी’ असे सांगण्याचा लेखकाचा अधिकार कलम ५७ प्रमाणे त्याच्यापाशीच राहतो. सादरकर्त्यालाही तसाच अधिकार ३८-ख ने दिला आहे. धाकट्याचे नाव गाळणे हा केवळ कद्रूपणा नव्हता, हे यावरून ध्यानात यावे.

मातांनो, आता तुमच्या सहीचा प्रश्न. १८ वर्षांखालील मुलाने केलेला करार मुळातच रद्द, हे १९०३ च्या मोहोरीबीबी खटल्यापासून पक्के आहे. पालकाने त्याच्या वतीने सही केली की काम भागते, असे कंपन्या समजतात. मुंबई उच्च न्यायालयापुढे आलेला, १९४९ च्या निवाडासंग्रहात छापलेला राजराणीचा खटला पाहा: बापाने आपल्या अल्पवयीन मुलीसाठी चित्रपट-निर्मात्याशी करार केला, निर्मात्याने तो मोडला, आणि मुलीने नुकसानभरपाई मागितली तेव्हा न्यायालयाने सांगितले की हा करारच वैध नाही, म्हणून भरपाईही नाही. हे शस्त्र दुधारी आहे. मुलगा बांधला जात नाही, पण कंपनीने फसविले तर त्या कागदाच्या आधारे त्याला मागताही येत नाही. मात्र कृतीची मालकी वयावर अवलंबून नाही. सतरा वर्षांच्या मुलाची रचना सतरा वर्षांच्या मुलाचीच. म्हणून वर्षभर थांबण्याने काही नासत नाही. भात नासते, गाणे नासत नाही.

त्या दोघांचाही एक दोष सांगितल्यावाचून राहवत नाही. कंपनीच्या कागदावर ते चिडले होते; पण मी विचारले, “तुमच्या दोघांत काय लिहिलेले आहे?” तेव्हा एकमेकांकडे पाहू लागले. “आमच्यात कायचं लिवाचं, भाऊच आहो,” थोरला म्हणाला. भाऊच भावाशी सर्वांत जास्त दावे लढतो, हे मी वीस वर्षे न्यायालयाच्या पायऱ्या चढून सांगतो. आणि खरे सांगायचे तर, मुखपृष्ठावर फक्त आपलेच नाव आहे हे थोरल्याने पहिल्याच दिवशी पाहिले होते, आणि धाकट्याला चार दिवस सांगितले नव्हते. माझ्यासमोर बसून त्याने ते कबूल केले. त्याचे कान लाल झाले होते. दुसरा काही बोलला नाही. टेबलावर बोटांनी ठेका धरून बसला.

मग आम्ही अर्ध्या पानाचा मराठी कागद लिहिला. कोणत्या गाण्यात कोणाचे शब्द, कोणाचा वाद्यमेळ. आलेल्या पैशांचे वाटे. दोघांच्या संमतीवाचून कोणालाही विक्री नाही. नावे नेहमी दोन्ही, सारख्या आकाराच्या अक्षरांत. धाकटा अज्ञान आहे, म्हणून त्याच्यापुरता हा कागद करार ठरत नाही, नोंद ठरते. तो १८ पूर्ण करील त्या आठवड्यात पुन्हा येऊन सही करायची, असे ठरले. शुल्क शंभर रुपये मी घेतले. फुकट कामाविरुद्ध लेख लिहिणाऱ्या माणसाने फुकट काम करून चालणार नाही.

कंपनीला आम्ही उत्तर पाठविले: मुदत तीन वर्षे, दोघांची नावे, वाट्याचा सहामाही हिशेब, आणि सह्या धाकटा सज्ञान झाल्यावर. त्यांचे उत्तर अजून आलेले नाही. कदाचित येणारही नाही. वडीलधाऱ्या गृहस्थांना मी विहारात भेटलो. ते म्हणाले, “संधी घालवलीत पोरांची.” मी त्यांना विचारले, येत्या १४ एप्रिलला मंडपात ही मुले गातील, तर समितीच्या अंदाजपत्रकात ध्वनिक्षेपकाच्या खाली आणखी एक ओळ लिहाल काय? ते म्हणाले, बैठकीत ठेवू. बैठकीला मी जाणार आहे, आणि ज्यांच्या घरात एखादे पोर वहीत काही खरडीत असते त्यांनीही यावे.

धाकट्याची आई त्या दिवशी कागद ऐकायला आली होती. रोवणीच्या चिखलाने नखे काळी होती. सारे ऐकून घेतल्यावर तिने एकच शंका काढली: “सायेब, माह्या पोराचं नाव पह्यलं येते का दुसरं?” आम्ही तिघेही गप्प झालो, कारण हे कलम लिहायचे राहूनच गेले होते. शेवटी ठरले की विषम क्रमांकाच्या गाण्यांवर एकाचे आधी, सम क्रमांकाच्या गाण्यांवर दुसऱ्याचे. गाणी सात आहेत. सातव्याचा वाद अजून मिटलेला नाही.